रंग मागून उठतो: एका जुन्या खडखड्याच्या लाकडी अंगाचे प्रकरण

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गाडी शेडमधून उजेडात काढली तेव्हा उजव्या बाजूच्या फळीवर, खालच्या कडेपासून दोन बोटे वर, सुपारीएवढे फुगे एका रांगेत आलेले होते. अंगठ्याने दाबला की फुगा आत बसायचा, अंगठा उचलला की परत वर यायचा. ब्लेडच्या टोकाने एक कापला, तर थेंबभर पिवळट पाणी निघाले. बोटांत चोळले तर बुळबुळीत लागले. कापलेल्या जागेतून नख घातले आणि तळहाताएवढा पापुद्रा अखंड सुटून आला. वरून बघावा तर मरून रंग आरशासारखा, एकही चीर नाही. उलटा केला तर पाठीवर पांढरा प्रायमर (रंगाच्या आधी द्यायचा तळाचा थर) आणि त्याला चिकटलेले लाकडाचे राखाडी तंतू.

पापुद्रा उलटा करून पाहणे ही अशा प्रकरणातली पहिली तपासणी. रंग प्रायमरवरून सुटला असेल तर दोष वरच्या कोटांत शोधावा. पाठीवर स्वच्छ प्रायमर दिसला तर प्रायमर लाकडात मुरलाच नव्हता. तंतू चिकटून आले तर लाकडाचा वरचा थरच मेलेला होता आणि त्याच्यावर रंग चढवला गेला. इथे काही जागी दुसरा प्रकार होता, काही जागी तिसरा. वरच्या रंगाचा मात्र कुठेच दोष नव्हता, आणि हे कळले नसते तर पुन्हा महागडा रंग आणून पुन्हा तोच पैसा पाण्यात गेला असता.

गाडी आणि तिच्यावर झालेले आधीचे काम

गाडी चार चाकी, दोन घोड्यांची, उघडी. समोरासमोर दोन लांब बाकडी, त्यांच्याखाली पेट्या, मागून चढायला लोखंडी पायरी. राजर्षी शाहू महाराजांच्या खडखड्यामुळे कोल्हापुरात अशा गाडीची ओळख करून द्यावी लागत नाही. या घरातही तिला खडखडाच म्हणतात. अंगाची लांबी ७ फूट, रुंदी ४ फूट. अंग आणि तळाची चौकट सागवानी, चाके बाभळीची. मागची चाके ४२ इंची, पुढची त्याहून लहान, प्रत्येकाला १२ आरे आणि ६ पुठ्ठे, म्हणजे घेराचे लाकडी तुकडे. दसऱ्याला गाडी बाहेर काढायची घरची रीत आहे, एरवी ती पत्र्याच्या शेडमध्ये असते.

आदल्या वर्षी मोटारींचे रंगकाम करणाऱ्या एका कारखान्यात तिला रंगवले होते. ते काम असे झाले: जुना रंग कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने काढला. गाडी न सोडवता, म्हणजे फळ्या, लोखंडी पट्ट्या, बोल्ट जागेवर ठेवूनच, वर एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टी ओढली. सांध्यांवर ती ३ ते ४ मिलिमीटर जाड होती. त्यावर प्रायमरचा एक हात आणि गनने सिंथेटिक इनॅमलचे तीन कोट. चाकांच्या धावा, म्हणजे घेरावरच्या लोखंडी पट्ट्या, ढिल्या वाजत होत्या म्हणून चाके तीन दिवस हौदात बुडवून ठेवली, चौथ्या दिवशी पुसून रंगवली. हे सगळे जुलै आणि ऑगस्टमध्ये, गणपतीच्या आत गाडी द्यायची म्हणून.

त्या दसऱ्याला गाडी झळाळत होती. मोटारीच्या पत्र्यावर हीच पद्धत चालते, म्हणून करणाऱ्यांनाही शंका आली नाही. पत्रा पाणी पीत नाही आणि फुगत नाही. लाकूड दोन्ही करते.

पाहणीत काय सापडले

फुगे कुठे आहेत याचा नकाशा आधी खडूने गाडीवरच काढला. बाजूच्या फळ्यांचा मध्य ठणठणीत होता. फुगे होते खालच्या कडेला, फळ्यांच्या दोन्ही टोकांना, प्रत्येक बोल्टभोवती आणि आरे तुंब्यात, म्हणजे चाकाच्या मधल्या लाकडी ठोकळ्यात, शिरतात तिथे. म्हणजे जिथे लाकडाचे कापलेले टोक आहे किंवा भोक आहे तिथेच. लाकडाच्या नळ्या लांबीच्या दिशेने असतात. कापलेले टोक पाणी फळीच्या अंगापेक्षा कितीतरी पट वेगाने ओढते. मग गाडीखाली आडवे होऊन पाहिले. तळफळ्यांची खालची बाजू कोरी, बाकड्यांच्या पेट्या आतून कोऱ्या, बाजूच्या फळ्यांच्या खालच्या कडाही कोऱ्या. रंग फक्त दिसणाऱ्या बाजूला. गाडी धुताना पाइपचे पाणी तळाशी साचते, पावसाळाभर शेडमधली दमट हवा तिथूनच लाकडात शिरते. नंतर ऊन पडले की गडद मरून पृष्ठ तापते, आतल्या ओलाव्याची वाफ होते आणि बाहेर पडायला पाहते. समोर इनॅमलचा बंद दरवाजा. मग ती प्रायमरला लाकडावरून ढकलते.

लाकडातला ओलावा मोजायच्या दोन सुयांच्या मीटरने आकडे घेतले, मीटर सागाच्या खुणेवर लावून. फळ्यांचा मध्य १४ टक्के, खालची कड १९, तळफळ्या १८ ते २०, तुंब्याजवळ २२. रंगासाठी १२ च्या आसपास हवा, १५ च्या वर तर डबाच उघडू नये. हवेतली आर्द्रता ८५ टक्के राहिली तर लाकूड कालांतराने १८ टक्क्यांच्या जवळ स्थिरावते, ५० टक्के राहिली तर ९ च्या जवळ. कोल्हापुरात ऑगस्टमध्ये रंगवलेले लाकूड कोरडे असणे जवळजवळ अशक्यच. फळीला हात लावून कोरडी वाटली याला काही अर्थ नाही.

आणि तो बुळबुळीत थेंब. फळीवर शुद्ध पाण्याचा थेंब टाकून त्यावर पीएच कागद मिनिटभर दाबून धरला. साग मुळात किंचित आम्ल असतो. सांध्यांजवळ कागद हिरवा-निळा झाला, ९ ते १० च्या दरम्यान. कॉस्टिक नीट धुतले गेले नव्हते, सांध्यांत आणि बोल्टांच्या भोकांत बसून राहिले होते. तेल आणि कॉस्टिक एकत्र आले की साबण होतो, घरोघरचा साबण असाच बनतो. प्रायमरमधल्या तेलाचे पावसाळाभर तेच होत होते. राखाडी, सुटे तंतूही कॉस्टिकचीच देणगी. ते लाकडाचा वरचा थर खिळखिळा करते.

चार कारणे झाली: ओले लाकूड, कोरी पाठ, उरलेले कॉस्टिक आणि हलणाऱ्या सांध्यावर जाड कडक पुट्टी. यातले एक असते तर गाडीने दोन-तीन पावसाळे काढले असते. चौघे एकत्र आल्यामुळे एकातच सगळे उघडे पडले.

मालकांची इच्छा होती की दसऱ्याच्या आत फुगे कापून, तेवढ्याच जागा भरून, वरून एक कोट मारून द्यावा. हे करायचे नाही असे ठरले. आत ओलावा १९ टक्के असताना ठिगळ लावणे म्हणजे पुढच्या फुग्याची जागा तयार करणे. त्या वर्षी गाडी आहे तशी दसऱ्याला काढली, फुग्यांसकट. घरच्यांना ते जड गेले, पण त्यामुळे पुढचे साडेचार महिने कोणतीही घाई राहिली नाही, आणि या कामाला सगळ्यात जास्त लागली ती हीच गोष्ट.

सोडवणे, खरवडणे, धुणे

नोव्हेंबरच्या सुरुवातीला गाडी पूर्ण सोडवली. प्रत्येक फळीच्या मागे सुतारी पेन्सिलीने नंबर, प्रत्येक बोल्ट त्याच्या नंबरच्या डबीत. जुने बोल्ट एकसारखे दिसले तरी भोके एकसारखी नसतात.

सपाट फळ्यांवरचा रंग हीट गनने मऊ करून पात्याने काढला. गन एका जागी थांबू द्यायची नाही आणि जपून वापरायची; लाकूड करपले तर ती जागा प्रायमर धरत नाही. नक्षीच्या कडा आणि आरे यांच्यावर बाजारात मिळणारा पेंट रिमूव्हर लावला, कॉस्टिक नाही.

बाकड्याच्या पेट्या आतून कोऱ्या, असे वर म्हटले; एका पेटीच्या झाकणाची आतली बाजू मात्र कुणीच कधी घासली नव्हती. तिथे जुना रंग शाबूत होता. रुपयाच्या नाण्याएवढी जागा ४०० आणि मग ८०० नंबरच्या वॉटर पेपरने मधून बाहेर अशी गोल घासत नेली. थर कांद्यासारखे उलगडले: सगळ्यात वर विटलेला मरून, खाली दाट बाटलीहिरवा, त्याखाली पुन्हा हिरवा, मग राखाडी-पांढरा, आणि लाकडाला लागून नारिंगी-लाल. त्या शेवटच्या दोन थरांवर सोडियम सल्फाइडच्या पातळ द्रावणाचा थेंब टाकला तर दोन्ही काळवंडले. म्हणजे सफेता आणि शेंदूर, दोन्ही शिशाचे. जुने कारागीर तळाला हेच वापरत, आणि ते टिकत असे हे झाकण पाहिले की पटते. पण त्याची धूळ नाकातोंडात जाणे घातक आहे. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांतले शिसे ९० पीपीएमपर्यंत (दहा लाखांत ९० भाग) मर्यादित करणारा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याच्या आधीच्या प्रत्येक थरात शिसे आहे असेच धरून चालावे. कोरडे घासणे पूर्ण बंद, हीट गन त्या जागी बंद, पाणी लावून घासायचे, पी-२ दर्जाचा मास्क, खरवडण पिशवीत गोळा आणि लहान मुले शेडच्या बाहेर.

या झाकणामुळे रंगही ठरला. गाडी मुळात हिरवी होती. झाकणाचा तळहाताएवढा तुकडा घासला नाही, त्यावर फक्त पातळ वॉर्निश दिले आणि तसाच ठेवला. पुढे कुणाला गाडीचा मूळ रंग पाहायचा असेल तर तो पुरावा एवढाच उरला आहे.

कॉस्टिकसाठी एक भाग साधा व्हिनेगर आणि चार भाग पाणी घेऊन फळ्या ब्रशने धुतल्या, मग साध्या पाण्याने दोनदा. पीएच कागद ६ च्या आसपास येईपर्यंत काही टोके तीन वेळा धुवावी लागली. हे धुणे वाळवण्याच्या आधीच उरकायचे. सुटे राखाडी तंतू पूर्ण वाळल्यावर ८० नंबर आणि मग १२० नंबरच्या पेपरने, रेषेच्या दिशेने, निरोगी तांबूस लाकूड दिसेपर्यंत घासले.

वाळवणे

फळ्या उन्हात टाकल्या नाहीत. एक बाजू तापली की फळी वाकते, टोकांना चिरा जातात. शेडमध्ये एकावर एक, मध्ये एक इंची पट्ट्या देऊन रचल्या आणि टेबलफॅन दिवसभर चालू ठेवला. दर रविवारी आकडा घेऊन फळीवरच खडूने लिहिला. पहिल्या तीन आठवड्यांत २० चे १५ झाले, पुढच्या चार आठवड्यांत १५ चे १२. शेवटचे दोन-तीन टक्के निघायला वेळ लागतो आणि नेमके तिथेच माणसाचा धीर सुटतो. १२ वर थांबवले. मार्चच्या कोरड्या हवेत ते ८-९ पर्यंत उतरवता आले असते, पण तसे करून पावसाळ्यात लाकूड आणखी फुगते. मधला आकडा बरा.

याच काळात सुतारकाम झाले. कुजलेली दोन टोके कापून तिरक्या सांध्याने जुन्याच सागाचे तुकडे जोडले. नवा ताजा साग वापरला असता तर नवा-जुना भाग वेगवेगळा हलला असता.

चाके

चाकांनी सगळ्यात जास्त वेळ घेतला. ढिले चाक पाण्यात बुडवून घट्ट करणे हा गाडीवाल्यांचा जुना उपाय आहे आणि रोज चालणाऱ्या, न रंगवलेल्या बैलगाडीला तो चालतोही. रंगवायच्या चाकाला तो विष आहे. लाकूड फुगून घट्ट बसते, रंग त्या फुगलेल्या लाकडावर लागतो, उन्हाळ्यात लाकूड आकसते आणि प्रत्येक आऱ्याच्या मुळाशी रंगाला गोल चीर पडते. पुढच्या पावसाला तीच चीर पाणी आत घेते.

धावा उतरवल्या आणि चाके उघडी वाळवली. १२ टक्क्यांवर आल्यावर ४८ आऱ्यांपैकी ५ हाताने हलत होते. हलत होते म्हणून घाबरायचे कारण नाही. चाकाचे खरे माप आत्ता कळले होते. ते सुताराने पाचरी देऊन बसवले. मग लोहाराकडून धावा कापून नव्या मापाने जोडून घेतल्या.

हिशेब असा. मागच्या चाकाचा व्यास १०६७ मिलिमीटर, म्हणजे घेर साधारण ३३५२. धावेचा आतला घेर त्याहून ९ मिलिमीटर कमी ठेवला. लोखंड दर अंश सेल्सिअसला लांबीच्या दहा लाखांत १२ भाग वाढते. ३५० अंशांनी तापवले तर ३.३५ मीटरच्या घेरात सुमारे १४ मिलिमीटर वाढ. म्हणजे बसवताना ५ मिलिमीटरची सैल जागा मिळते आणि थंड झाल्यावर धाव ९ मिलिमीटरने आवळते. शेण्यांचा गोल रचून धाव मधोमध तापवली, चिमट्यांनी उचलून चाकावर टाकली, घणाने सारखी केली आणि लगेच पाणी ओतले. पुठ्ठे आवळताना आऱ्यांचा जो करकर आवाज येतो तो सांध्यासांध्यातून ऐकू आला पाहिजे. एका बाजूने शांत राहिले तर तिथे काहीतरी अडले आहे.

पाणी ओतले म्हणजे लाकूड पुन्हा वरवर ओले झाले. त्यामुळे चाके आणखी आठ दिवस सावलीत टांगली, पुठ्ठ्यांची करपलेली कड खरवडली आणि मीटरवर १२ दिसल्यावरच प्रायमरला हात घातला. इथे घाई झाली असती तर आधीचे सगळे वाया गेले असते.

प्रायमर: सहाही बाजूंना

सागात नैसर्गिक तेल असते आणि त्यात असे द्रव्य असते की त्याने तेलाच्या रंगाचे वाळणे अडते. म्हणून प्रायमरच्या आधी प्रत्येक फळी पांढऱ्या सुती फडक्यावर थिनर घेऊन पुसायची, फडक्यावर पिवळे यायचे थांबेपर्यंत, आणि त्यानंतर तासाभरात प्रायमर लावायचा. रात्रभर ठेवले तर आतले तेल परत वर येते. या कामात एका बाकड्याची फळी पुसायची राहून गेली. बाकीच्या फळ्यांवरचा प्रायमर दुसऱ्या दिवशी नखाला कडक लागला, ही तिसऱ्या दिवशीही चिकट. ‘वाळेल हळूहळू’ म्हणून तिच्यावर पुढचा हात मारणे ही नेहमीची चूक. ती तशी न ठेवता टर्पेंटाइनने पूर्ण धुऊन काढली, थिनरने पुसली आणि पहिल्यापासून केली. गाठींवर आधी चपडा लाखेचे दोन पातळ हात दिले, एक लिटर स्पिरिटला २०० ग्रॅम लाख.

प्रायमर निवडला ॲल्युमिनियम वुड प्रायमर. त्यातली ॲल्युमिनियमची बारीक पापुद्र्यासारखी चूर्णे एकावर एक खवल्यांसारखी बसतात आणि ओलाव्याची वाट लांबवतात. तेलकट लाकडासाठी तो साध्या गुलाबी किंवा पांढऱ्या वुड प्रायमरपेक्षा भरवशाचा.

पहिला हात टर्पेंटाइन १० ते १५ टक्के घालून पातळ, आणि ब्रशनेच. गनने मारलेला प्रायमर वर बसतो, ब्रशने घासलेला रेषांत शिरतो. कापलेल्या टोकांना पहिला हात दोन मिनिटांत पिऊन जातो; लगेच दुसरा, लगेच तिसरा, टोक ओले दिसत राहीपर्यंत. फळीची पाठ, कडा, कुसू (सांध्याच्या खाचेत बसणारे टोक), बोल्टांची भोके, काहीच कोरे ठेवले नाही. भोकांत बाटली घासायचा बारीक ब्रश चालतो. कुसवांवर मात्र पातळच, नाहीतर सांधा बसत नाही. तळफळ्यांच्या खालच्या बाजूला दोनऐवजी तीन हात दिले, जरी ती बाजू कुणी पाहणार नव्हते. या गाडीचा रंग टिकेल की नाही हे तिथेच ठरणार होते.

मापे: फळ्यांच्या दोन्ही बाजू, बाकडी, पेट्या, पायटे मिळून सुमारे २०० चौरस फूट, चाके आणि तळाची चौकट धरून २७०, म्हणजे २५ चौरस मीटर. लिटरला १० चौरस मीटर धरले तर एका हाताला अडीच लिटर. दोन हातांना ५ लिटर काढले होते. टोकांनी आणि तळाच्या तिसऱ्या हाताने मिळून ६ लिटर लागले. बाभूळ प्रायमर सागापेक्षा जास्त पिते.

लोखंडी पट्ट्या आणि बोल्ट तारेच्या ब्रशने चकचकीत करून झिंक फॉस्फेट प्रायमरचे दोन हात. बाभळीत टॅनिन भरपूर असते. ओल्या बाभळीला उघडे लोखंड लागले की काळे डाग येतात आणि ते इनॅमलमधूनही वर दिसतात.

लांबी कुठे भरायची आणि कुठे नाही

लांबी, म्हणजे भोके आणि खड्डे भरायची तेलाची पुट्टी, नेहमी प्रायमरच्या पहिल्या हातानंतर. कोऱ्या लाकडावर भरली तर लाकूड तिच्यातले तेल ओढून घेते आणि मागे भुगा उरतो. खडू पावडर, उकळलेले जवसाचे तेल आणि थोडा प्रायमर मळून पोळीच्या कणकेइतकी घट्ट केली. खिळ्यांची भोके, खपल्या, ओरखडे एवढेच भरले, एका वेळी मिलिमीटरभर. खोल जागा तीन दिवसांच्या अंतराने दोनदा. तेलाची फडकी वापरून झाल्यावर पाण्याच्या बादलीत. चुरगाळून कोपऱ्यात टाकलेले जवसतेलाचे फडके आपोआप तापून पेटते.

दोन फळ्यांमधला सांधा भरला नाही. मोटारवाल्यांना गाडी अंड्यासारखी गुळगुळीत हवी असते आणि मालकांनाही ते आवडते. पण सहा इंची सागाची फळी १२ वरून १८ टक्के ओलाव्याला गेली की रुंदीत साधारण दीड ते पावणेदोन मिलिमीटर फुगते. कोणतीही पुट्टी तेवढे सोसत नाही. तळफळ्यांत २ मिलिमीटरची फट ठेवली, बाजूच्या फळ्यांचा सांधा आतून प्रायमरने भिजवून बारीक रेघ म्हणून दिसू दिला. लाकडी गाडीवर ती रेघ शोभते.

प्रायमरचा दुसरा हात, दोन दिवसांनी २२० नंबरने हलके घासणे, मग अंडरकोटचे (प्रायमर आणि रंग यांच्यामधल्या थराचे) दोन हात आणि ३२० नंबरचा वॉटर पेपर. कडांवर पेपर दाबून फिरवला की प्रायमर फाटतो. कडा बोटांनी, पेपरचा ठोकळा न वापरता घासायच्या.

रंग

वरच्या रंगासाठी दोन भाग मिसळून लावायचा पीयू (पॉलियुरेथेन) घ्यावा का यावर विचार झाला. चमक आणि कडकपणा त्याचा जास्त, यात वाद नाही. पण तो ताठ असतो, हलणाऱ्या लाकडावर सांध्याशी तडकतो आणि एका जागी दुरुस्त करायचा तर आख्खी फळी करावी लागते. सिंथेटिक इनॅमल पाच-सात वर्षांनी मंद पडेल, पण त्यावर ब्रशने हात फिरवता येतो. दर वर्षी दसऱ्याला बाहेर पडणाऱ्या गाडीला हेच योग्य.

फेब्रुवारीत कोल्हापुरात रंग उघड्यावर लावता येत नाही, कारण कारखान्यांचा गळीत हंगाम चालू असतो. शेतात पाचट पेटले की काळी राख तरंगत येते आणि ओल्या इनॅमलवर बसते. बोटाने काढायला गेले की रेघ ओढली जाते. शेडला चारी बाजूंनी प्लास्टिकचा कागद लावला, कामाच्या आदल्या संध्याकाळी झाडून घेतले आणि सकाळी जमिनीवर हलका पाण्याचा हबका मारून धूळ बसवली. ब्रश सकाळी नऊनंतर, धुके आणि दव गेल्यावर, आणि चारच्या आत बंद. संध्याकाळी ओल्या कोटावर दव पडले की चमक धुरकट होते.

बाटलीहिरव्या इनॅमलचे तीन पातळ कोट, प्रत्येकी ३६ तासांच्या अंतराने, मध्ये ४०० नंबरचा वॉटर पेपर. बाहेरून दिसणाऱ्या १६ चौरस मीटरला लिटरमागे १२ चौरस मीटर धरून ४ लिटर पुरले. दुसऱ्या कोटाला मागच्या फळीवर रंग जाड बसला, वरची साय आधी धरली, आतला ओला राहिला आणि सुरकुत्या पडल्या. ती फळी आठवडाभर तशीच ठेवून, आतपर्यंत कडक झाल्यावर, घासून काढून परत केली. ओली असतानाच खरवडली असती तर अंडरकोटपर्यंत गेली असती.

शेवटी पिवळी रेघ. फळ्यांच्या कडेपासून बोटभर आत, आऱ्यांवर एकेक, तुंब्यावर दोन वर्तुळे. कोल्हापुरात पेंटर हा शब्द लोकांनी आडनावासारखा लावून घेतला. चित्रपटकार बाबूराव पेंटर यांचे मूळ आडनाव मेस्त्री. हाताने पाट्या रंगवणारे आता थोडेच उरले आहेत, पण रेघ मारायला तसाच हात हवा. मास्किंग टेपने मारलेली रेघ कडांना उभी, कापल्यासारखी दिसते. लांब केसांचा बारीक ब्रश दाट रंगात भिजवून, करंगळी फळीच्या कडेला टेकवून, श्वास रोखून एका दमात ओढलेली रेघ मध्ये किंचित जाड आणि टोकाला बारीक होते. आऱ्यांसाठी चाक घोडीवर टांगून डाव्या हाताने फिरवत राहायचे. रेघ आठ दिवस वाळल्यावर सगळ्यावर वॉर्निशचे दोन हात.

जोडणी करताना प्रत्येक बोल्ट आणि प्रत्येक वॉशरखाली दाट प्रायमर भरून मगच आवळला. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, वळवाच्या आधी, गाडी उभी राहिली. धुताना पाइप तळाशी मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचे आणि शेडमध्ये चाकांखाली फळ्या ठेवायच्या, एवढे घरच्यांना लिहून दिले.

एका पावसाळ्यानंतर

पुढच्या ऑक्टोबरला पुन्हा तीच पाहणी. तळफळ्या १५, फळ्यांच्या कडा १४, तुंबे १५. फुगे नव्हते, एका जागेखेरीज. मागच्या पायरीच्या डाव्या बोल्टभोवती नखाएवढा उठाव होता. बोल्ट काढून पाहिला तर वॉशर कोरडा, खाली प्रायमर नाही. ऑगस्टमध्ये पायरी हलते म्हणून तो काढून परत आवळला होता, प्रायमर न भरता. त्या भोकाच्या कडेला ओलावा १९.

बोल्ट दीड महिना काढून ठेवला, भोकात हवा जाऊ दिली, १२ वर आल्यावर भोक प्रायमरने तीन वेळा भिजवले, उठलेला भाग बशीएवढा घासून प्रायमर, अंडरकोट आणि हिरव्याचे दोन हात दिले. जोडणीच्या वेळचा हिरवा डबा जपून ठेवला होता, म्हणून छटा जुळली. बोल्ट परत बसवताना वॉशरखाली प्रायमर भरला आणि त्याच्या डोक्यावर पिवळा ठिपका दिला, की पुन्हा कुणी तो ढिला केला तर लगेच कळावे.